साडेपाचच्या आधीचे कॅरेट: एका छोट्या फ्रेमवर्कचा प्रकरण अभ्यास

एप्रिलमधली सकाळ, सातही वाजले नव्हते. दिवाणजींचा फोन. “भाऊ, आज दिलेले कॅरेट तुमच्या कॉम्प्युटरने काल देऊन टाकलेत.”

दिवाणजी म्हणजे वाशीच्या फळबाजारातल्या एका गाळ्याचे हिशेब सांभाळणारे गृहस्थ. वय साठीच्या पुढे, अक्षर छापल्यासारखं आणि बोलणं मोजून. कॅरेट म्हणजे फळांचे क्रेट. त्यांचं हे वाक्य शब्दशः खरं होतं, हे कळायला मला दुपार झाली. त्या एका तक्रारीमुळे आमच्या फ्रेमवर्कला, म्हणजे दर कामात पुन्हा वापरायच्या तयार कोडला, जे वळण लागलं, ते आधीच्या सगळ्या बैठकांनी मिळूनही लागलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

आमचं दुकान ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. एमआयडीसी १९६२ साली निघाली, तिच्या सगळ्यांत जुन्या वसाहतींपैकी ही एक. आमच्या खालच्या गाळ्यात अजून लेथ चालतो, वर पोटमाळ्यावर आम्ही चौघं. कामं लहान-लहान: सोसायटीच्या मेंटेनन्सची नोंद, क्लासची फी, कुरिअरवाल्याची आवक-जावक. प्रत्येक कामाला महिनाभर लागायचा आणि त्यातला अर्धा महिना त्याच त्या गोष्टींत जायचा. लॉगिन, यादी, फॉर्म, जतन, दुरुस्ती, छपाई. गिऱ्हाइकाला यातलं काहीच नवीन वाटत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मागायलाही जीभ रेटत नाही.

फ्रेमवर्क लिहायचा पहिला प्रयत्न दोन वर्षांपूर्वी झाला होता. तो माझ्याच हौसेचा, म्हणून दोषही माझाच. स्वतःचं राउटिंग (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान, हे ठरवणारा कोड) लिहिलं, स्वतःची टेम्प्लेटची (पानाच्या साच्याची) भाषा लिहिली, परवानग्यांचं तर झाडच उभं केलं: भूमिका, तिच्याखाली उपभूमिका, तिच्याखाली अपवाद. तीन महिने रोज संध्याकाळी हेच. मग ते एका सोसायटीच्या कामाला लावलं आणि पहिल्याच आठवड्यात एका रहिवाशाने तक्रारीच्या रकान्यात आपल्या विंगचं नाव इंग्रजी अक्षरांत, कोनी कंसात लिहिलं. ब्राउझरने तो टॅग समजून गिळला. तक्रार उरली, विंग गायब. विंग दिसली नाही एवढ्यावर भागलं, पण ज्या भोकातून ती पडली त्याच भोकातून कुणी स्क्रिप्टही, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा घातक कोडही, आत सोडू शकला असता. चांगल्या टेम्प्लेट भाषा असला मजकूर आपण न सांगता निर्धोक करून दाखवतात. माझी करत नव्हती, कारण मला ते सुचलंच नव्हतं. परवानग्यांच्या झाडावर मात्र एकही पक्षी बसला नाही. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे दोनच प्रकारची माणसं: मालक आणि बाकीचे.

गंमत म्हणजे चांगलं फ्रेमवर्क चालू कामातून निघतं, याची उदाहरणं आम्हाला पाठ होती. रेल्स हे वेब फ्रेमवर्क २००४ साली बाहेर आलं ते बेसकॅम्प नावाच्या चालू उत्पादनातून काढलेलं. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात, बातमीदारांच्या घाईवर उतारा म्हणून. २००५ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा मुळात वापरून झिजलेलं होतं. आम्ही मात्र कामाच्या आधी फ्रेमवर्क लिहायला बसलो. लग्न ठरायच्या आधी बारशाचे पेढे.

दुसऱ्या प्रयत्नाला निमित्त झालं ते या गाळ्याचं. जानेवारीत शेठ आले. बाजारात क्रेट कुणी म्हणत नाही, कॅरेट म्हणतात. हे प्लॅस्टिकचे कॅरेट गाळ्याच्या मालकीचे. किरकोळ विकणारे, गाडीवाले, सरबतवाले त्यांत भरून फळं नेतात, थोडी अनामत ठेवतात आणि रिकामे कॅरेट दोन-चार दिवसांनी आणून टाकतात. निदान आणून टाकावेत, अशी अपेक्षा असते. वही होती, पण हंगामात पहाटे तीनच्या गर्दीत वही एकीकडे आणि कॅरेट दुसरीकडे. शेठना हवं होतं ते एवढंच: कुणाकडे किती बाकी, हे फोनवर दिसावं. मुदत एकच, आणि तीही न हलणारी. “पाडव्याच्या आत. नंतर हापूसची आवक वाढली की मला शिंकायलाही वेळ नसतो.”

त्या शनिवारी आम्ही जुन्या पाच कामांचे सगळे स्क्रीन छापले आणि फरशीवर पसरले. नुकतीच कामाला लागलेली मुलगी लाल पेन घेऊन फिरत होती: सारखं दिसेल त्यावर फुली. तासाभरात फरशी लाल झाली. यादी, फॉर्म, एका नोंदीचं पान, छपाई आणि लॉगिन हे सगळीकडे तेच. फुली न मिळालेले कागद वेगळे काढले तर ते जवळजवळ सगळे अहवाल निघाले. तिने विचारलं, “दादा, मग अहवाल या फ्रेमवर्कमध्ये कसे बसवायचे?” मी उत्तर जुळवायला लागलो, तेवढ्यात लक्षात आलं की ते बसवायचेच नाहीत. अहवाल दर गिऱ्हाइकाचा निराळा, तो हाताने साध्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) लिहायचा. ही सीमा त्या दिवशी आखली आणि ती आजवर पुसलेली नाही.

या वेळी राउटिंग आणि टेम्प्लेट फ्लास्क या तयार, छोट्या फ्रेमवर्ककडून घेतले. फ्लास्कची मुळंही मजेशीर आहेत: २०१० च्या एक एप्रिलला आर्मिन रोनाखरने एका फाइलमध्ये मावणारं फ्रेमवर्क थट्टा म्हणून सोडलं, लोकांनी ते गांभीर्याने घेतलं आणि त्यातून पुढे फ्लास्क झालं. त्यातली जिंजा टेम्प्लेट कोनी कंस आपोआप निर्धोक करतात, म्हणजे आमची हरवलेली विंग परत मिळाली. डेटा एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये, एका फाइलीत. तिच्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो. गाळ्यावर लिहिणारे तीन जण आणि प्रत्येक लिहिणं क्षणार्धाचं, त्यामुळे ही मर्यादा आम्हाला कधी टोचली नाही.

यावर आम्ही लिहिलं ते साताठशे ओळींचं. त्याचा गाभा म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. गाळ्याची फाइल अशी होती (नावे म्हणजे दिलेले कॅरेट, जमा म्हणजे परत आलेले):

तक्ता: कॅरेट-नोंद
खातेदार: खाते-यादीतून, आवश्यक
प्रकार: नावे किंवा जमा
नग: पूर्णांक, आवश्यक
अनामत: रुपये
शेरा: मजकूर

एवढं लिहिलं की सांगाडा (फोल्डरचं नाव हेच पडलं आणि तेच राहिलं) डेटाबेसमधला तक्ता करतो, यादीचं पान करतो, फॉर्म करतो, छापायचं पान करतो. एखादं पान आवडलं नाही तर ‘हाताने’ नावाच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची आपली फाइल ठेवायची. सांगाडा आपलं पान बाजूला सारून ती दाखवतो. ही पळवाट आम्ही पहिल्याच दिवशी ठेवली. पहिल्या फ्रेमवर्कमध्ये ती नव्हती, आणि म्हणून दर वेळी गिऱ्हाइकाचा हट्ट आला की फ्रेमवर्कच फोडावं लागायचं.

जँगो का नाही, हा प्रश्न आमच्यातही निघाला. जँगोचा अ‍ॅडमिन (नोंदी सांभाळायची आयती पानं) तयार मिळतो आणि तो उत्तम आहे. दोन दिवस त्यात घालवले. पण त्याची कागदपत्रंच सांगतात की तो संस्थेच्या आतल्या व्यवस्थापनासाठी आहे, सगळं दर्शनी काम त्यावर उभारायला नाही. दिवाणजींना हवी होती अंगठ्याएवढी चार बटणं, तीही पिवळ्या बल्बच्या उजेडात दिसतील अशी. अ‍ॅडमिनला तिथवर वाकवण्यापेक्षा आपलं पान लिहिणं सोपं पडलं. तरीही, चार जणांपेक्षा मोठा चमू असेल किंवा पाच वर्षांनी कोड कोण सांभाळणार हे ठाऊक नसेल, तर माझं मत सरळ जँगोच्या बाजूने आहे. या कामानंतर लगेच आम्हाला बिल आणि साठा दोन्ही असलेलं एक काम मिळालं. ते आम्ही सांगाड्यात कोंबलं नाही, जँगोमध्येच केलं.

पहिली वापरण्याजोगी आवृत्ती नऊ दिवसांत उभी राहिली. आमच्या मानाने हे फार जलद. मार्चभर सगळं गुण्यागोविंदाने चाललं, कारण मार्चमध्ये दिवाणजी वहीही लिहीत होते आणि रोजचा अहवाल कुणी पाहत नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांनी वही मिटली, आणि तो फोन आला.

अकरा वाजता ऑफिसात येऊन मी दोन खोट्या नोंदी केल्या. तारीख बरोबर. आणखी चार केल्या. बरोबर. दिवाणजींना फोन करून म्हटलं, इथे तर नीट चाललंय. ते म्हणाले, “तुमच्याकडे अकरा वाजता चालतं. आमचा अकरा वाजता बाजार उठलेला असतो.” मग मात्र मी त्या दिवसाच्या खऱ्या नोंदी वेळेप्रमाणे लावून एकामागून एक पाहिल्या. पहाटे ३:१०, काल. ४:४५, काल. ५:२८, काल. ५:३३, आज. रेघ नेमकी साडेपाचला. आपल्याकडच्या कुठल्याही प्रोग्रामरला साडेपाच हा आकडा दिसला की पुढचं सांगावं लागत नाही. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि एसक्यूलाइटला ‘आज’ची तारीख विचारली की तो यूटीसीची, म्हणजे ग्रिनिचशी जुळणाऱ्या जागतिक वेळेची, देतो. मध्यरात्र ते साडेपाच या वेळात तिकडे अजून काल असतो. आमची आधीची पाचही गिऱ्हाइकं सकाळी दहाला शटर उघडणारी. ही चूक त्या पाचही ठिकाणी होती आणि वर्षानुवर्षं निवांत झोपून होती. जागी झाली ती पहाटे तीनला धंदा करणाऱ्या माणसाकडे.

सोपा उपाय समोर होता: तारीख काढताना साडेपाच तास मिळवायचे. पंधरा मिनिटांचं काम. ते केलंही. पण त्या रात्री मी मुद्दाम गाळ्यावर गेलो. अडीच वाजता ट्रान्स हार्बरची गाडी नसते, त्यामुळे बाइकवरून, विटाव्याच्या पुलाखालून ठाणे-बेलापूर रस्त्याने. तिथे साडेतीनला दिवाणजी एक नोंद करता करता थांबले आणि पुटपुटले, “हे रात्री साडेअकराला उचलले होते. पण ते आजच्या बाजारातले.” म्हणजे घड्याळ कालचं आणि हिशेब आजचा. आता साडेपाच तास मिळवूनही काही उपयोग नव्हता. बाजाराचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, तो माल उतरला की सुरू होतो, आणि कुठली नोंद कुठल्या दिवसाची हे ठरवणारा माणूस दिवाणजी आहेत, घड्याळ नव्हे.

परत आल्यावर सांगाड्यात प्रत्येक तक्त्याला न मागता दोन रकाने मिळू लागले. एक ‘व्यवहाराची तारीख’: फॉर्म उघडताना आपल्या वेळेप्रमाणे आधीच भरलेली, पण माणसाला बदलता येणारी. दुसरा ‘नोंदीची वेळ’: यंत्राने घातलेली, यूटीसीमध्ये साठवलेली, कुणालाही बदलता न येणारी. अहवाल पहिल्यावर चालतात आणि भांडणं दुसऱ्यावर मिटतात. सोसायटीच्या जुन्या कामातही हे घातलं, तेव्हा तिथल्या खजिनदारबाई म्हणाल्या की मार्चचा चेक एप्रिलमध्ये भरला तर काय करायचं, हे त्या आम्हाला पहिल्या दिवसापासून विचारत होत्या. विचारत होत्या खऱ्या.

त्या एका रात्री गाळ्यावर बसून आणखी दोन गोष्टी दिसल्या. शेडमध्ये नेटवर्क रडतखडत चालतं. पोरगा ‘जतन’ दाबतो, काही होत नाही, म्हणून पुन्हा दाबतो. नोंदी दोन. यावर जुना तोडगा आहे: फॉर्म काढतानाच त्यात एक यादृच्छिक खूण लपवायची आणि डेटाबेसला सांगायचं की ही खूण एकदाच स्वीकार. दुसऱ्यांदा तीच आली तर चूक झाल्याचा संदेश न देता पहिली नोंद दाखवायची. जतन झाल्यावर ब्राउझरला नव्या पानावर पाठवायचं, म्हणजे पान ताजं केलं तरी फॉर्म पुन्हा जात नाही. एकदा सांगाड्यात बसवल्यावर हे सगळ्या कामांना फुकटात मिळालं.

दुसरी गोष्ट ‘काढून टाका’ या बटणाची. दिवाणजींनी ते बटण पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “वहीत खोडतात का कधी?” वहीत चूक झाली तर उलट नोंद करतात: नावे चुकून पडलं तर तेवढंच जमा आणि पुढे शेरा. आम्ही सगळीकडून ते बटण काढलं. आता ‘रद्द’ आहे, त्याला कारण लिहावं लागतं आणि मूळ नोंद रेघ ओढलेल्या अवस्थेत दिसत राहते. हिशेबाच्या कुठल्याही कामात पुसण्याची सोय देणाऱ्या प्रोग्रामरला एक महिना पेढीवर बसवावं, असं माझं मत झालं आहे.

एक घोळ निव्वळ आमचा. रोज रात्री डेटाबेसची फाइल कॉपी करून ठेवत होतो. एसक्यूलाइट डब्ल्यूएएल पद्धतीने चालवला की ताज्या नोंदी आधी शेजारच्या दुसऱ्या फाइलीत जातात आणि सवडीने मुख्य फाइलीत येतात. आम्ही उचलत होतो फक्त मुख्य फाइल. एकदा ती परत लावून पाहिली तेव्हा शेवटच्या काही नोंदी नव्हत्या. तेव्हापासून बॅकअप एसक्यूलाइटच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेनेच घेतो. नुकसान झालं नाही, पण घाम फुटला.

आता सरबतवाल्याची गोष्ट. बाजारात खातेदारांची नावं पॅनकार्डावरची नसतात. वहीत लिहिलेलं असतं: ‘घणसोलीवाला’, ‘टोपीवाले’, ‘कोपऱ्यावरचा सरबतवाला’. हा सरबतवाला मोसंबी नेतो. आमच्या यादीप्रमाणे त्याच्याकडे १४ कॅरेट बाकी, तो म्हणतो तीन. रोज पहाटे भांडण. शेठना वाटे तो खोटं बोलतो, त्याला वाटे शेठ यंत्र आणून लुबाडतात.

मी त्याचं नाव शोधलं तर खातं एकच आलं. तेच नाव फोनवरून शोधलं तरीही एकच आलं, पण दुसरं. एकात १४ नावे, दुसऱ्यात ११ जमा. दोन्ही नावं पडद्यावर अक्षरन्अक्षर सारखी. भानगड ‘कोपऱ्यावरचा’मधल्या ‘ऱ्य’ची होती. युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रासाठी दर अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, हे अक्षर एकाहून जास्त तऱ्हांनी लिहिता येतं. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण, मग य. शिवाय र आणि खाली नुक्ता (टिंब) असंही लिहिता येतं. वाचणाऱ्याला सगळं सारखं, यंत्राला वेगळं. दिवाणजींच्या कॉम्प्युटरवरचा कीबोर्ड एका पद्धतीचा, फाटकावर रिकामे कॅरेट मोजून घेणाऱ्या पोराच्या फोनवरचा दुसऱ्या. देताना एक सरबतवाला, परत घेताना दुसराच.

युनिकोडने अशा दुहेरी रूपांना एका रूपात आणण्याचा नियम ठरवलेला आहे, एनएफसी नावाचा, आणि पायथनमध्ये, म्हणजे आम्ही प्रोग्राम लिहितो त्या भाषेत, तो तयार मिळतो. त्याने नुक्तावाला र आणि ‘ऱ’ एक होतात. न दिसणाऱ्या जोडखुणेला मात्र तो हात लावत नाही, त्यामुळे तेवढी एक अदलाबदल आम्ही वेगळी लिहिली. मराठी, कोंकणी, नेपाळी अशा मोजक्या भाषा सोडल्या तर इतर कुठल्या भाषेसाठी फ्रेमवर्क लिहिणाऱ्याला ही ओळ लिहायची वेळ यायचं कारण नाही, आणि मराठीत लिहिणाऱ्याला ‘साताऱ्याचा’, ‘व्यापाऱ्याचे’, ‘पुऱ्या’ यांतलं काही ना काही पहिल्या आठवड्यातच भेटणार. त्याच जागी आकड्यांचंही निस्तरलं. कुणी नग ‘१२’ असा मराठी आकड्यांत लिहिला तर पायथन त्याला बारा समजतो, पण तो तसाच एसक्यूलाइटकडे गेला तर तिथे मजकूर म्हणून पडून राहतो आणि बेरजेत येत नाही. आता कुठलाही मजकूर आत येताना एकाच दारातून येतो, आणि त्या दारात नावं आणि आकडे सरळ केले जातात.

हे सगळं धरून आज सांगाडा हजार ओळींच्या आसपास आहे. ईमेल पाठवणं नाही, परवानग्यांचं झाड नाही, मोबाइल अ‍ॅप नाही. भूमिका दोनच: मालक आणि बाकीचे. त्यानंतरचं काम, खारघरच्या एका सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची नोंद, चार दिवसांत चालू झालं. त्यातले दोन दिवस अहवालांत गेले, जे जायलाच हवेत.

सरबतवाल्याची दोन खाती जोडली, बाकी आली तीन. दिवाणजींनी शेठना सांगितलं, शेठनी सरबतवाल्याला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्याने तीन रिकामे कॅरेट गाळ्यासमोर आपटले आणि पावती मागितली. दिवाणजींनी छापून दिली. त्याने ती दिव्याखाली धरून आधी तारीख पाहिली.